रेघ पुसायचे पैसे

परवा भाचीबरोबर एका 'स्किन आणि लेझर' क्लिनिकात गेले होते. तिचं लग्न दोन महिन्यांवर आलंय, आणि गालांवर, नाकपुड्यांच्या कडेला बारीक लाल रेघा दिसायला लागल्यात. लांबून नाही दिसत. पण हल्ली लांबून बघतं कोण!

"मावशी, तू नुसती चल. बोलू नकोस," अशी अट घालून तिने मला नेलं. मी अट पाळली. साधारण दहा मिनिटं.

काचेचं दार, गारेगार एसी आणि पांढरा कोट घातलेली एक चुणचुणीत मुलगी. ती डॉक्टर नव्हती, 'कौन्सेलर' होती. तिने भाचीच्या तोंडासमोर भिंगाचा आरसा धरला. त्या आरशात कुणीही बघावं, स्वतःचीच भीती वाटते. मग आधीचे-नंतरचे फोटो झाले. गालांसाठी सहा सिटिंग, 24 हजार. मग माझ्याकडे वळून, "मॅम, तुमच्याही नाकाजवळ आहेत की! पायांवर असतील तर दोघींचं मिळून पॅकेज करून देऊ." आणि वर प्रेमाने, "वेळीच ट्रीट केलं नाही तर हे पसरतं हं."

चला, पन्नाशी उलटल्यावर मला एक नवा आजार मिळाला :-)

घरी आल्यापासून धुमसतेय, म्हणून हे लिहायला बसले. माझं भांडण लेझरशी नाही, आणि नटण्याशी तर मुळीच नाही. माझं भांडण एवढंच आहे की त्या अर्ध्या तासात एकानेही विचारलं नाही, "हे आलं कशाने?" रेघ पुसायचे पैसे ठरले, पण रेघ ओढली कुणी हे बघायची कुणाला गरजच वाटली नाही.

शेवटी अट मोडून मीच विचारलं, "चेहऱ्याला काय लावतेस गं?"

भाचीने पर्समधून एक ट्यूब काढली. मैत्रिणीने सुचवलेली, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने हसतमुखाने दिलेली. "अगं, मस्त ग्लो येतो. आठ महिने लावतेय." मी चष्मा लावून मागचं वाचलं. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. आणि खाली सरळ छापलेलं होतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. आता बोला!

यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. अशा तिहेरी मिश्रणाचं मूळ 1975 सालचं. क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी ते सुचवलं होतं, तेही वांगासारख्या काळ्या डागांसाठी. डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक आठवडे वापरायचं औषध हे. गोरं होण्यासाठी रोज थापायचं क्रीम नव्हे. पहिले काही दिवस चेहरा खरंच उजळ आणि नितळ दिसतो, आणि तिथेच माणूस फसतो. महिनोन्‌महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते, खालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वर लाल जाळी दिसायला लागते. मुरमं येतात, कुणाकुणाला लव वाढते. बंद केलं की चेहरा भाजल्यासारखा लालबुंद होतो, म्हणून घाबरून माणूस परत तीच ट्यूब उघडतो. दारू सुटत नाही तशी ही ट्यूब सुटत नाही.

हे माझ्या मनाचं नाही. भारतातल्या 12 ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून एक पाहणी केली होती, ती 2011 साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना ते सुचवणारी व्यक्ती डॉक्टर नव्हती. 2018 मध्ये सरकारने अशी 14 मलमं 'शेड्यूल एच'मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. कागदावर बंद. माझ्या भाचीला मात्र चिठ्ठी कुणीच मागितली नाही.

म्हणजे हिशेब असा झाला. आधी गोरेपणासाठी मलमाचे पैसे, मग मलमाने उठलेल्या शिरा घालवायला लेझरचे पैसे. आणि मलम चालूच ठेवलं, तर सहा सिटिंग संपेपर्यंत नवीन शिरा हजर. गळक्या छताखाली बसून फरशी पुसत राहावं, तसं.

सगळ्यांच्याच चेहऱ्यावर मलमाने होतं असं मात्र नाही. वय, ऊन, आनुवंशिकता, रोझेशिया नावाचा त्वचेचा विकार, अशी बरीच कारणं असतात. माझ्या नाकाजवळच्या दोन रेघा बहुधा वयाच्या आणि उन्हातान्हात स्कूटर हाकल्याच्या. त्या तशाच राहिल्या तर मला काहीही होणार नाही. पण कारण शोधल्याशिवाय हे कळणार कसं?

आता लेझरबद्दल. ही विद्या खरंच सुंदर आहे. 1983 साली अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी मांडलं, की विशिष्ट रंगाचा प्रकाश अगदी क्षणभर सोडला, तर तो रक्तातल्या हिमोग्लोबिनने शोषला जातो आणि उष्णतेने फक्त ती रक्तवाहिनी बंद होते, शेजारची त्वचा वाचते. त्यातून जन्मतःच चेहऱ्यावर मोठे लाल-जांभळे डाग असलेल्या लहान मुलांसाठी उपचार निघाले. ज्या पोराला शाळेत सगळे टक लावून बघतात, त्याच्यासाठी हे वरदानच.

पण यात आपल्या गव्हाळ-सावळ्या लोकांसाठी एक मेख आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही तोच प्रकाश शोषतं. 532 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश गोऱ्या कातडीवर शिरेपर्यंत पोचतो, आपल्याकडे तो वाटेतच मेलॅनिनला गाठतो. मग भाजतं, काळा डाग पडतो किंवा पांढरा चट्टा उठतो. आपल्या रंगाला सहसा 1064 नॅनोमीटरचं लांब लहरींचं यंत्र जास्त सुरक्षित, आणि तेही ऊर्जा किती ठेवायची हे जाणणाऱ्या हातात. तिथल्या अल्बममधले सगळे फोटो गोऱ्या परदेशी बायकांचे होते. मी कौन्सेलरबाईंना विचारलं, "तुमचं यंत्र कुठलं?" त्या म्हणाल्या, "इंपोर्टेड आहे, मॅम."

असो. आता पायांकडे येते. कारण मला खरी चीड आली ती पायांवरून.

आमच्या मोठ्या आत्याला या घरातले सगळे ओळखतात. तीस वर्षं तिने पोळीभाजी केंद्र चालवलं. पहाटे पाचपासून ओट्याशी उभी, ती दुपारी दोनपर्यंत. तिच्या पोटरीवरच्या दोरखंडासारख्या शिरा मी लहानपणापासून बघतेय. आम्हाला वाटायचं, आत्याचे पाय असेच आहेत! मग घोट्याच्या वर, आतल्या बाजूला कातडी काळपट झाली, खाज सुटली. खाजेचं मलम मिळालं. (पुन्हा मलमच!) तीन वर्षं ते चोळलं. मग तिथे जखम झाली, ती पाच महिने भरेना. शुगर तपासली, नॉर्मल. शेवटी एका सर्जनने तिला उभं करून पायांचा डॉपलर केला आणि सांगितलं, "आजी, दुखणं कातडीचं नाहीये, शिरेच्या झडपांचं आहे."

पायातलं रक्त गुरुत्वाच्या उलट वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात, आणि चढलेलं रक्त खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात. चालताना हा पंप चालतो. नुसतं उभं राहिलं की थांबतो, आणि घोट्यापाशी शिरेतला दाब 80-90 मिलिमीटरवर जाऊन तिथेच राहतो. झडपा निकामी झाल्या तर तो चालतानाही उतरत नाही. मग सूज, काळपटपणा आणि शेवटी जखम. डॉक्टर लोक याच्या शून्य ते सहा पायऱ्या मोजतात. आपल्या त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, एक मिलिमीटरहूनही बारीक, त्या पहिल्या पायरीवर. आत्याची जखम सहाव्या.

आणि आता गंमत बघा. आत्याच्या पायावर जो उपाय झाला, त्याचंही नाव लेझरच! पण तो वेगळा. गुडघ्याजवळ सुईतून बारीक तंतू मोठ्या शिरेत सरकवतात, सोनोग्राफीत बघत बघत, आणि ती बिघडलेली शीर आतून उष्णतेने बंद करतात. (शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, हा काकांचा प्रश्न. पायाचं बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतूनच जातं, काका.) अशा जखमा असलेल्या 450 रुग्णांवरचा इंग्लंडमधला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. बिघडलेली शीर लवकर बंद केलेल्यांची जखम साधारण 56 दिवसांत भरली, थांबून केलेल्यांची 82 दिवसांत. आत्याची घट्ट बँडेज आणि हा उपाय मिळून अडीच महिन्यांत भरली.

म्हणजे एकाच घरात, जिला लेझरची खरी गरज होती तिला तीन वर्षं कुणी त्याचं नावही सांगितलं नाही. आणि जिला नव्हती तिला अर्ध्या तासात पॅकेज. याला काय म्हणायचं?

दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच शब्द असल्याचा फायदा दुकानदार बरोबर उचलतात. 'व्हेन्सवर लेझर' म्हटलं की काम वैद्यकीय वाटतं, आणि 'पसरतं हं' म्हटलं की भीती बसते. मला सांगा, पायावरच्या बारीक निळ्या रेघा वाढून त्यांचे दोरखंड होत नाहीत, मग ही भीती कशाला? आज पुसल्या म्हणून उद्या नव्या येणार नाहीत, याची हमीही कुणी देऊ शकत नाही. शिवाय पायांवरच्या बारीक शिरांसाठी आजही बहुतेक तज्ज्ञ आधी सुईने औषध सोडून त्या बंद करण्याचा उपाय सुचवतात, लेझर नंतर. हे त्या पॅकेजमध्ये लिहिलेलं नव्हतं.

आणि त्या रेघांच्या मुळाशी मोठी शीर बिघडलेली असेल तर? मग वरवर पुसणं म्हणजे शुद्ध फसवणूक. पाय जड होतात का, संध्याकाळी सूज येते का, दिवसभर उभं राहायचं काम आहे का, एवढं विचारायला एक पैसा लागत नाही.

उभं राहण्यावरून आठवलं. साडीच्या दुकानात आपण गादीवर बसून शंभर साड्या उलगडायला लावतो, आणि समोरची मुलगी सकाळपासून उभी असते. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानात काम करणाऱ्यांना बसायचा हक्क कायद्याने दिला. एका स्टुलासाठी कायदा करावा लागला! शिरांच्या बाबतीत मला तो कुठल्याही यंत्राइतकाच मोलाचा वाटतो.

यावर दोन आक्षेप येणार हे मला माहीत आहे. पहिला आमच्या मोठ्या जाऊबाईंचा, "मग पोरीने हौस करूच नये का?" करावी की! गालावरची रेघ आवडत नाही म्हणून घालवायची असेल तर खुशाल घालवा. मीही केस रंगवते. फक्त तिला हौस म्हणा, आजार म्हणू नका. दागिना घ्यायला जाताना आपण घाबरून जात नाही, चार दुकानं फिरतो, घासाघीस करतो. तसंच इथेही जा.

दुसरा आक्षेप पुरुषमंडळींचा, "बायकांचे नखरेच फार." हे मात्र मी ऐकून घेणार नाही. ती ट्यूब भाचीच्या पर्समध्ये आपोआप नाही आली. साखरपुडा ठरला तेव्हा "जरा रंग उजळला तर बरं दिसेल" हे कोण म्हणालं होतं? आपणच. मीही तिथेच बसले होते आणि हसले होते. क्लिनिकवाल्यांवर आणि मेडिकलवाल्यावर तोंडसुख घेताना माझा वाटाही मला मोजायला हवा. दुकान त्यांनी थाटलं, गिऱ्हाईक आपण पाठवलं.

पॅकेज घेतलं नाही. भाचीला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय लावतेस?" ट्यूब बघून त्यांनी नुसती मान हलवली. आता त्या सांगतील तसं ते मलम सोडवणं चाललंय. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. चेहरा लाल, आग, रडारड. रेघा काही कमी होतील, काही राहतील म्हणतात, आणि उरलेल्यांचं बघायचं ते त्वचा सावरल्यावर, लग्नानंतर. फोटोत रेघा दिसणार. दिसू देत.

आत्याला हे सगळं सांगितलं. ती पायात ते घट्ट मोजे चढवत होती. म्हणाली, "चोवीस हजार? अगं, तेवढ्यात मी ओट्याशी एक उंच स्टूल घेतलं असतं, आणि वर पोळ्या लाटायला एक बाई ठेवली असती."

लग्नात तिला कुणीही उभं ठेवू नका. खुर्ची मी आणेन.