घसा दुखला आणि मूल हात धूत बसले

पालकांच्या तक्रारीत ‘एकदम’ हा शब्द आला की डॉक्टरने कान टवकारले पाहिजेत, असे माझे मत आहे. सात-आठ वर्षांचे मूल परवापर्यंत मजेत खेळत होते. आता दिवसभर हात धुते, दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासते, ‘आई, मला काही होणार नाही ना?’ हे पन्नास वेळा विचारते. घरात कोणी म्हणते लाड झाले, कोणी म्हणते बाहेरचे लागले. आधी दृष्ट निघते, मग दोन रट्टे बसतात. हा त्या मुलावर अन्याय आहे. हात धुण्याची त्याला हौस नसते. मनातली भीती त्याला तसे करायला लावते. यालाच आपण मंत्रचळ म्हणतो, डॉक्टर ओसीडी म्हणतात.

क्वचित या आजाराचा धागा घशापर्यंत जातो. घशात स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग झाला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. काही मुलांत ती स्वतःच्या शरीरावरच उलटतात. हृदयाच्या झडपा बिघडवणारा संधिवाताचा ताप असाच येतो. मेंदूवर परिणाम झाला तर हातपाय अनावर हलतात, कप हातातून सुटतो, अक्षर बिघडते. हा कोरिया, इंग्रज वैद्य सिडनहॅम यांनी १६८६ मध्ये त्याचे वर्णन केले. अशा मुलांत मंत्रचळाची लक्षणेही दिसतात.

१९९८ मध्ये अमेरिकेतील डॉ. सुसान स्वीडो व सहकाऱ्यांनी ५० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांना कोरिया नव्हता, पण घशाच्या संसर्गाच्या मागोमाग मंत्रचळ किंवा डोळे मिचकावणे, मान झटकणे अशा सवयी एकाएकी सुरू होत किंवा बळावत. या प्रकाराला ‘पांडास’ नाव मिळाले. त्यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. हा जंतू कित्येक निरोगी मुलांच्या घशातही राहतो आणि रक्तातील एएसओ वाढलेले दिसले तर संसर्ग होऊन गेला, एवढेच कळते. तेवढ्या रिपोर्टवर महिनोन्महिने अँटिबायोटिक देणे मला पटत नाही. मंत्रचळाच्या बहुतेक रुग्णांत घशाचा संबंध नसतो. तिथे वर्तनोपचार आणि मानसोपचारतज्ज्ञांची औषधेच कामाला येतात.

मग आपण काय करावे? बोनकोड्यासारख्या दाटीच्या गावठाणात एका खोलीत पाच-सहा माणसे झोपतात. एकाच्या घशातला जंतू दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही. सर्दी-खोकला असेल तर घसादुखी बहुधा विषाणूची असते, तिला अँटिबायोटिक नको. पण सर्दी नसताना ताप, गिळताना दुखणे, मानेत गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके असे दिसले तर मूल डॉक्टरला दाखवा. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या दिल्या तर त्या पूर्ण दहा दिवस द्या. केमिस्टकडून दोन दिवसांच्या गोळ्या आणायच्या आणि ताप उतरताच बंद करायच्या, ही सवय मोडली पाहिजे. तिची किंमत कधी कधी हृदयाला मोजावी लागते.

वागणे एकाएकी बदलले तर तारीख लिहून ठेवा. त्याआधी घसा दुखला होता का, ताप आला होता का, हे डॉक्टरांना सांगा. हातपाय वेडेवाकडे हलत असतील तर हृदयाची तपासणी, म्हणजे इको, करून घ्याच. कोरिया घशाच्या संसर्गानंतर काही महिन्यांनीही उद्भवतो. तेव्हा घसा स्वच्छ दिसला म्हणून निश्चिंत राहू नका. कोरिया ठरला तर तीन आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे चालते. मूल बरे दिसते म्हणून ते चुकवू नका.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाजू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीतही बोलता येते. आणि तोवर मुलावर हात उगारू नका.