फोन आपल्या उजेडात पारखून घ्या

नाशिककरांनो, दिवाळीच्या खरेदीला एमजी रोडवर जाल किंवा सिंहस्थाआधी घरात चांगल्या कॅमेऱ्याचा फोन हवा म्हणून बेत कराल, तेव्हा एक विनंती ध्यानात असू द्या. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली निवड पक्की करू नका. त्या उजेडात साधा फोनही सुरेख फोटो काढतो. आपण घरी फोटो काढतो ते संध्याकाळी ट्यूबलाइटखाली, धावत्या पोरांचे, देवघरातल्या समईच्या उजेडात. फोन तिथे टिकला पाहिजे.

सेल्समन पहिल्यांदा मेगापिक्सेलचा आकडा सांगेल. त्यावर भुलू नका. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा एरवी चार पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. २०० मेगापिक्सेलवालाही सोळा पिक्सेल एकत्र करून बहुतेक वेळा तितक्यावरच येतो. कमी उजेडात फोटो स्वच्छ यावा म्हणून ही योजना असते, त्यात फसवणूक नाही. पण आकडा चौपट म्हणून फोटो चौपट चांगला, हा हिशेब चुकीचा आहे.

त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. पहिली, मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर केवढा आहे? तो मोठा असेल तर जास्त उजेड पकडतो. माप अपूर्णांकात लिहिलेलं असतं आणि खालचा आकडा जितका लहान तितका सेन्सर मोठा. म्हणजे १/१.५६ इंचापेक्षा १/१.३ इंचाचा मोठा. दुसरी, ओआयएस आहे का? हात थरथरला तरी भिंग किंवा सेन्सर हलवून चित्र स्थिर ठेवणारी ही सोय रात्रीच्या फोटोला फार उपयोगी पडते. मागे तीन-चार भिंगं दिसली म्हणून हुरळू नका. त्यातली २ मेगापिक्सेलची मॅक्रो किंवा डेप्थची भिंगं सहसा संख्या वाढवण्यापुरतीच असतात.

मग डेमो पीस हातात घ्या आणि दुकानदाराला विचारून दारापर्यंत या. आतल्या सावलीत सोबतच्या माणसाला उभं करा, पाठीमागे रस्त्यावरचं ऊन येऊ द्या आणि फोटो काढा. चेहरा काळवंडतो का, मागचं ऊन पांढरंफटक होतं का, ते पाहा. चालत्या माणसाचा फोटो काढा. व्हिडिओ सुरू करून चार पावलं चाला. हे फोटो आपल्या जुन्या फोनवर घेऊन बघा, कारण नव्या फोनचा चकचकीत पडदा सगळंच खुलवून दाखवतो. पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आक्रसून येईल आणि तुलना फुकट जाईल.

चेहऱ्याबद्दल मी आग्रहानं सांगतो. बऱ्याच फोनांत ब्यूटी मोड आधीपासूनच चालू असतो. तो बंद करून फोटो काढा. सावळ्या माणसाला गोरं करणारा आणि आजीच्या सुरकुत्या पुसणारा कॅमेरा चांगला म्हणू नये. वीस वर्षांनी नातवंडं तो फोटो पाहतील तेव्हा त्यांना आजी जशी होती तशीच दिसायला हवी.

पारखून घेण्याचा वस्तुपाठ आपल्याच मातीत आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये विलायतेहून कॅमेरा आणला, तेव्हा लगेच मोठ्या चित्रपटाला हात घातला नाही. आधी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो ते थोड्या थोड्या काळानं टिपून एक छोटा चित्रपट केला. यंत्र काय करू शकतं हे त्यांना कळलं, आणि ते पाहून भांडवल देणाऱ्यालाही विश्वास वाटला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये लोकांसमोर आला, तो त्यानंतर.

फोन घरी आला की तुम्हीही पहिल्याच आठवड्यात त्याची परीक्षा घ्या. काळाराम मंदिर भर उन्हात बाहेरून टिपा. काळा पाषाण काळाच राहतो की राखाडी होतो, ते दिसेल. दिवेलागणीला गोदाघाटावर जा आणि पलीकडच्या काठावरून नारोशंकराच्या घंटेवर झूम करा. फोनला टेलिफोटो, म्हणजे लांबचं टिपणारं भिंग असेल, तर तीनपट झूमला त्यावर बोट ठेवून बघा. चित्र झाकलं गेलं नाही, तर फोन ते भिंग वापरतच नाही, मुख्य कॅमेऱ्याचं चित्र कापून मोठं करतो आहे. कमी उजेडात असं पुष्कळदा होतं. आणि हे करताना झूम घंटेवर ठेवा, रामकुंडात स्नान करणाऱ्या बायाबापड्यांवर नको. कॅमेरा लांबचं पाहू शकतो, म्हणून आपण पाहावं असं नाही.

सिंहस्थाची अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात आहेत. ढगाळ उजेड, गर्दी आणि पाणी, तिन्ही एकदम. आयपी६८ लिहिलेला फोनही नदीत बुडवू नका. ती चाचणी प्रयोगशाळेत, स्वच्छ पाण्यात झालेली असते आणि पाणी शिरून झालेलं नुकसान वॉरंटीत सहसा बसत नाही. फोर-के व्हिडिओ मिनिटाला पावणेदोनशे ते चारशे एमबी जागा खातो, तेव्हा १२८ जीबी घ्यायचं की २५६, हे घेतानाच ठरवा. नंतर बहुतेक फोनांत जागा वाढवता येत नाही.

जुना फोन घेणाऱ्यांनी *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढावा आणि सरकारच्या संचार साथी सेवेवर तपासावा. फोन काळ्या यादीत असेल तर तिथे कळतं. नवा घेणाऱ्यांनी बिलावरचा क्रमांक फोनशी ताडून घ्यावा आणि बदलून द्यायची मुदत बिलावर लिहून मागावी.

यातलं काहीच अवघड नाही. त्याला अर्धा तास आणि थोडी भीड सोडण्याची तयारी लागते. दुकानदार घाई करू लागला तर दुसऱ्या दुकानात जा. पैसे तुमचे आहेत, हप्ते तुम्ही फेडणार आहात, आणि फोटोत तुमचीच माणसं असणार आहेत. तेव्हा खरेदीला जाताना घरातलं एक माणूस सोबत न्या, त्याचा एक फोटो सावलीत, एक उन्हाकडे पाठ करून आणि एक चालताना काढा, आणि तिन्ही पटले तरच पैसे द्या.