ढगांआडचे पीक आणि पेढीवरचा अंदाज

खरिपाच्या मालाचा व्यापार हा मुळात अंदाजाचा व्यापार आहे. जून-जुलैत पेरण्या होतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास बाजारात आवक वाढू लागते. मधल्या तीन-चार महिन्यांत शेतात नेमके काय चालले आहे, हे पेढीवर बसून कळणे कठीण असते. पूर्वीचे अडते गावोगावच्या ओळखीच्या माणसांकडून खबर घेत आणि बाजाराच्या दिवशी आलेल्या शेतकऱ्यांकडे चौकशी करीत. ज्याला पिकाची खरी बातमी इतरांच्या आधी समजे, त्याची खरेदी साधत असे. सरकारी पातळीवर पैसेवारी आणि पीक कापणी प्रयोग हे आधार होते. परंतु त्यांचे आकडे हाती येईपर्यंत हंगाम सरत आलेला असे.

उपग्रहांनी ही अडचण दूर करायला हवी होती. आय.आर.एस.-१ए हा भारताचा नियमित वापरासाठीचा पहिला दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेला, आणि त्यानंतर या मालिकेने देशाच्या जमिनीची असंख्य चित्रे घेतली. मात्र त्या उपग्रहांचे कॅमेरे सूर्यप्रकाशावर अवलंबून होते. पावसाळ्यात आकाश ढगांनी भरले की खालची जमीन त्यांना दिसेनाशी होई. रब्बीच्या गव्हाचे चित्र स्वच्छ मिळे. खरिपाच्या भाताचे मात्र मिळता मिळत नसे. ज्या हंगामात माहितीची सर्वाधिक गरज, त्याच हंगामात डोळे झाकलेले, अशी ही स्थिती होती.

रडार-उपग्रहाने हा पडदा दूर केला. हा उपग्रह प्रकाशाची वाट पाहत नाही. तो स्वतः सूक्ष्मलहरी जमिनीकडे पाठवतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार करतो. या लहरी ढगांतून पार जातात. दिवस-रात्रीचाही त्यांना फरक पडत नाही. भाताचे उदाहरण घेतले म्हणजे ही गोष्ट चटकन समजते. लावणीसाठी पाणी भरलेले खाचर आरशासारखे सपाट असते. त्यावर पडलेल्या लहरी दुसरीकडे परावर्तित होतात आणि चित्रात ते खाचर काळे दिसते. रोपे वाढू लागली की प्रतिध्वनी बळावतो व तोच तुकडा उजळत जातो. दर काही दिवसांनी घेतलेली चित्रे ओळीने मांडली, की लावणी कोठे, केव्हा आणि किती क्षेत्रावर झाली हे कळते. तामिळनाडूत कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने याच रीतीने भातपिकाचे नकाशे तयार केले आणि पीक विम्याच्या कामी त्यांचा उपयोग करण्यात आला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली परिसरात कृष्णा-पंचगंगेचा महापूर आला, तेव्हाही ढगांखालच्या पाण्याचा विस्तार दाखवण्यास रडार-चित्रेच उपयोगी पडली.

या मालिकेतील आजचा सर्वांत महत्त्वाचा उपग्रह म्हणजे ‘निसार’. भारताची इस्रो आणि अमेरिकेची नासा यांनी तो संयुक्तपणे उभारला. त्यासाठीचा करार ३० सप्टेंबर २०१४ रोजी झाला आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून जीएसएलव्ही-एफ१६ या प्रक्षेपकाने त्याला कक्षेत नेले. एकूण खर्च सुमारे १५० कोटी डॉलर. त्यात इस्रोचा वाटा सुमारे ७८८ कोटी रुपयांचा. उपग्रहावर दोन रडार आहेत. नासाचे एल बँडचे, सुमारे २४ सेंटीमीटर लांबीच्या लहरींचे, दाट झाडीतून आत शिरते. इस्रोचे एस बँडचे, अधिक आखूड लहरींचे, शेतातील कमी उंचीच्या पिकांचे बदल चांगले टिपते. सुमारे ७५० किलोमीटर उंचीवरून बारकावे दिसण्यास एरवी वीसेक किलोमीटर लांबीचा अँटेना लागला असता. त्याऐवजी १२ मीटर व्यासाची जाळीदार छत्री पुढे सरकत असताना मिळालेले अनेक प्रतिध्वनी गणिताने एकत्र जोडले जातात आणि तोच परिणाम साधला जातो.

दर १२ दिवसांनी निसार त्याच मार्गावर परत येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये, ऐन पावसाळ्यात, त्याच्या एस बँड रडारने गोदावरीच्या मुखाकडील त्रिभुज प्रदेश टिपला. त्यात खारफुटी, शेती आणि मत्स्यतळी वेगवेगळी ओळखू येतात. अशा चित्रातील एक चौकोन १० मीटर लांब-रुंद धरला, तर त्याचे क्षेत्रफळ होते जवळजवळ एक गुंठा. सातबाऱ्यावर ज्या मापाने जमीन मोजली जाते, त्याच मापाने आता आकाशातूनही ती पाहता येते.

व्यापारी कुटुंबांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. निसारची माहिती सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्याचे धोरण आहे. एखाद्या मोठ्या कंपनीला मिळणारे चित्र तालुक्याच्या गावातील अडत्यालाही मिळू शकते, आणि शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलालाही. परंतु चित्र फुकट असले तरी त्याचे वाचन फुकट नाही. त्यासाठी संगणक, प्रशिक्षित माणूस आणि शेतावर प्रत्यक्ष जाऊन केलेली पडताळणी लागते. ज्याच्याकडे हे बळ आहे, तो आधी वाचेल आणि आधी खरेदी करील. खबरेची मक्तेदारी संपली असे मानून स्वस्थ बसणाऱ्याला ती नव्या हातांत गेलेली दिसेल.

यावर उपाय अवघड नाही. मात्र तो एकट्या पेढीचा नव्हे. बाजार समितीतील व्यापारी संघटनेने मिळून एखादा जाणकार नेमावा, जवळच्या कृषी विद्यापीठाशी संबंध ठेवावा आणि हंगामाचा अंदाज सर्व सभासदांसमोर मांडावा. शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांनाही त्यात सामील करून घ्यावे. दोन्ही बाजूंसमोर एकच अंदाज असेल, तर अफवेवर चालणारी तेजी-मंदी कमी होईल आणि भावाची बोलणी सरळ होतील. घरातील जी मुले संगणकशास्त्र शिकून बाहेरगावी नोकरी शोधतात, त्यांच्यासाठीही हे काम आहे.

या साधनाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. अमेरिकेचा ‘सीसॅट’ हा नागरी उपयोगाचा पहिला रडार-उपग्रह १९७८ मध्ये अवघ्या १०५ दिवसांत बंद पडला. युरोपचा सेंटिनेल-१बी डिसेंबर २०२१ मध्ये वीजपुरवठ्यातील बिघाडाने निकामी झाला. भारताचा ईओएस-०९ हा रडार-उपग्रह १८ मे २०२५ रोजी प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्यात दोष उद्भवल्याने कक्षेत पोहोचलाच नाही. सारी भिस्त एकाच खबरेवर ठेवू नये, हा पेढीवरचा जुना नियम येथेही लागू पडतो.

शिवाय रडारला उभे पीक दिसते. गोदामातला साठा दिसत नाही. पोत्यातील दाण्याची प्रत, त्यातील ओलावा आणि काडीकचरा त्याला कळत नाही. ते आजही हातात दाणे घेऊनच पाहावे लागते. वजन चोख ठेवणे, माल नीट साठवणे आणि शेतकऱ्याचे पैसे ठरल्या दिवशी देणे ही कामेही पेढीकडेच राहतात. पिकाची खबर सर्वांकडे सारखी पोहोचू लागली, म्हणजे शेतकरी आपली गाडी कोणाच्या दारी सोडायची हे याच गोष्टी पाहून ठरवील.