पलटणच्या विजयात कोटा होता, त्याचं काय?

१ मार्च २०२४ ला हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डीचा करंडक पहिल्यांदा पुण्याकडे आला. त्यानंतर इचलकरंजीतल्या ग्रुपांवर अभिनंदनाच्या फोटोंबरोबर एक जुना मजकूर पुन्हा फिरू लागला. तुम्हालाही आला असेल. क्रिकेटचा वर्ल्डकप असो नाहीतर इस्रोचं यान, मजकूर तोच असतो, फक्त फोटो बदलतो. ‘इथे आरक्षण नाही, म्हणून इथे दर्जा आहे.’ आपल्यातली काही पोरंही तो वाचून गप्प बसतात, कारण पटकन उत्तर सुचत नाही. उत्तर त्याच हंगामात आहे, म्हणून तो हंगाम जरा नीट बघू.

खेळ उत्तम झाला, त्यात वाद नाही. साखळीत २२ सामने, त्यांत १७ विजय, ३ बरोबरी, फक्त २ पराभव. ९६ गुण आणि पहिला क्रमांक. उपांत्य फेरीत पाटणा पायरेट्सवर ३७-२१ अशी मात. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले. नगर जिल्ह्यातला कर्णधार अस्लम इनामदार हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि इराणचा मोहम्मदरझा शादलुई पकडीचे ९९ गुण घेऊन सर्वोत्तम बचावपटू. आदल्या हंगामात पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली होती. तरी मालकांनी संघाचा गाभा मोडला नाही, हाताशी असलेली तरुण पोरं सांभाळली. (कर्णधाराचं नाव अस्लम आहे, हे स्टेटसला फोटो लावताना किती जणांच्या लक्षात आलं कुणास ठाऊक. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात अशाच एका स्टेटसच्या वादावरून कुणाची दुकानं फुटली, ते आपण विसरलेलो नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आता लीग चालते कशी ते बघा.

ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात पलटणने शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तो एवढा दमदार आहे की कुठल्याही लिलावात विकला गेला असता, हे मान्यच. पण लीगचा नियम वाचा. प्रत्येक संघाने किमान दोन परदेशी खेळाडू घेतलेच पाहिजेत. ‘लायक वाटला तर घ्या’ अशी सूचना नाही, सक्ती आहे. आपल्या भाषेत याला राखीव जागा म्हणतात. आज इराणचा संघ भारताला घाम फोडतो, त्यात या लीगमध्ये वर्षानुवर्षं मिळालेल्या संधीचा वाटा आहे की नाही?

दुसरा नियम पैशाचा. बाराही संघांना त्या हंगामात खेळाडूंवर खर्च करायला सारखेच ५ कोटी होते. ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त उधळावं, असं चालत नाही. भांडवलदारांची लीग, पण तिथे भांडवलाला लगाम आहे, कारण लगाम नसेल तर दोन-तीन धनदांडगे सगळे चांगले खेळाडू उचलतील आणि बाकीचे नुसते हरायला येतील. ही अडचण त्यांना कबड्डीत कळते. शिक्षणात लाखोंची फी, क्लासचे पैसे, घरातली इंग्रजी या सगळ्यानिशी उतरलेला पोरगा आणि रात्रपाळी करून परीक्षेला आलेला पोरगा एका रेषेवर उभे केले, तर तिथे मात्र ती निखळ स्पर्धा!

तिसरा नियम, लिलावातली मूळ किंमत. अ गटाला ३० लाख, ब गटाला २०, क गटाला १३ आणि ड गटाला ९ लाख. याखाली बोली सुरूच होत नाही. नव्या तरुण खेळाडूंसाठी वेगळा गट आणि संघात शिरायची वेगळी वाट आहे. मूळ किंमत म्हणजे किमान वेतन, दुसरं काय? आमच्या गावात ५२ पिकाला मीटरमागे किती पैसे, यावर वर्षानुवर्षं मोर्चे निघतात. किमान वेतनाचं नाव काढलं की धंदा बुडतो, असं सांगितलं जातं. कबड्डीचा धंदा किमान किमतीने बुडाला नाही, उलट वाढला.

आणि खेळाचा स्वतःचाच एक नियम आहे, तो तर आम्हाला फार आवडतो. मॅटवर बचावाला तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना त्यांनी चढाईपटूला पकडलं, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. मराठी पेपर तिला अव्वल पकड म्हणतात. सात जणांनी मिळून पकडणं आणि तिघांनी पकडणं सारखं नाही, हे नियम बनवणाऱ्याला कळलं आणि त्याने ते गुणफलकावर मांडलं. स्टेडियममधलं कुणीही उठून ‘हा सात जणांवर अन्याय’ म्हणत नाही. टाळ्या पडतात.

हे फक्त कबड्डीचं नाही. कॅनडात लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा फुटबॉल खेळतात, अमेरिकन फुटबॉलचा चुलतभाऊ. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये प्रत्येक संघाला कॅनडाच्या खेळाडूंसाठी जागा राखून ठेवाव्या लागतात. शेजारच्या अमेरिकेतून तयार खेळाडूंचा लोंढा येतो, आपली पोरं त्यात वाहून जातील, एवढं साधं कारण. गंमत म्हणजे त्याच कॅनडाने अमेरिकेच्या ‘निव्वळ गुणवत्तेचं’ पितळ उघडं पाडलं. १९७८ मध्ये वॉरन मून या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला अमेरिकेतल्या एकाही व्यावसायिक संघाने निवड प्रक्रियेत घेतलं नाही. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. त्या जागेवर काळा माणूस नको, हा तिथला न लिहिलेला कायदा. मून कॅनडातल्या एडमंटनला गेला. १९७८ ते १९८२ असे सलग पाच हंगाम त्या संघाने करंडक जिंकला. मग अमेरिकेला जाग आली. २००६ मध्ये त्यांच्या व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान दालनात पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. १९७८ च्या निवडकर्त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं असतं की आम्ही रंग बघत नाही.

दक्षिण आफ्रिकेतही रग्बीच्या संघात कृष्णवर्णीयांचं प्रमाण वाढवण्याची उद्दिष्टं ठरली तेव्हा संघ बुडणार म्हणून ओरड झाली. सिया कोलिसी हा त्यांचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार. त्याच्या हाताखाली त्यांनी २०१९ आणि २०२३ असे लागोपाठ दोन विश्वचषक नेले.

यावर ठरलेलं उत्तर येतं. परदेशी खेळाडूंचा कोटा खेळ पसरवण्यासाठी आहे, जातीसाठी नाही. बरोबर. मग पुढचं वाक्यही पूर्ण करा. लीगला खेळ दहा देशांत पसरायला हवा, कारण त्यात तिचा बाजार आहे. संविधानाला सत्ता, शिक्षण आणि नोकरी सगळ्या समाजांत पसरायला हवी, कारण त्यावाचून हे राष्ट्र उभं राहत नाही. दोन्हीकडे तत्त्व एकच: दार आपोआप उघडत नाही, म्हणून नियमाने उघडायचं. बाजारासाठी ते तत्त्व शहाणपणाचं आणि समतेसाठी मात्र घातक, असं म्हणणाऱ्याची अडचण तत्त्वाशी नसते, दारातून कोण आत येतंय याच्याशी असते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात सांगितलं की आरक्षण गुणवत्तेच्या विरोधात नाही, आणि एका परीक्षेतले गुण म्हणजे गुणवत्ता नव्हे. हा निकाल किती ग्रुपांवर फिरला?

गुणवत्तेचं आणखी एक. पुढच्याच हंगामात अस्लमला दुखापत झाली आणि पलटण बाद फेरीतही पोचली नाही. शादलुई हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला. वर्षाच्या आत पुण्याची गुणवत्ता आटली का? एक गुडघा, एक लिलाव, एक मालक यांवर एवढं उलथापालथ होतं, तिथे जन्माने मिळालेल्या परिस्थितीने काहीच होत नाही असं म्हणायला निबर कातडी लागते.

दुखापत झालेल्या नावाजलेल्या खेळाडूला निदान कुणी विचारतं. ड गटापर्यंतही न पोचलेल्या हजारो पोरांचं काय? कबड्डी लीग येण्याआधी जगली ती नोकरीवर. रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्रा यांचे संघ होते. पोरगा खेळायचा, पगार घरी यायचा, गुडघा गेला तरी नोकरी राहायची. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खाजगी झाली. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. तरुण रस्त्यावर आले तेव्हा २० ऑक्टोबरला तो मागे घ्यावा लागला. कंत्राटी पदावर ना आपलं आरक्षण लागतं, ना खेळाडूंचं. हो, खेळाडूंचं! राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यावर ‘दर्जा घसरला’ अशी पोस्ट आम्ही अजून पाहिलेली नाही. जो पोरगा सरावात सकाळ-संध्याकाळ घालवतो त्याला अभ्यासाला वेळ कमी मिळतो, हे लोकांना लगेच पटतं. जो वहिफणीत किंवा लूमवर बारा तास उभा राहतो त्याचं तेच गणित सांगितलं की पटत नाही.

आणि मुली. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला कबड्डी संघाने चायनीज तैपेईला २६-२५ असं हरवून सुवर्ण घेतलं. त्या स्पर्धेतलं ते भारताचं १०० वं पदक, त्यामुळे पंतप्रधानांपासून सगळ्यांनी कौतुक केलं. पुरुषांनीही त्याच दिवशी सुवर्ण जिंकलं. दोन दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, मुंबईत लिलाव सुरू झाला, पुरुषांचा. सुवर्ण दोघांचंही, बोली फक्त एकाची. मुलींसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा लीगने भरवली होती, पुढच्या वर्षी ती झालीच नाही. गुणवत्ता आपली वाट स्वतः काढते म्हणणाऱ्यांनी या मुलींना ती वाट दाखवावी.

पुण्याचं नाव निघालंच आहे तर पालवणकर बाळूंचं सांगायला हवं, कारण आपल्या नव्या पोरांना ते क्रिकेटच्या पुस्तकात सापडणार नाहीत. चर्मकार समाजातले हे डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता गोलंदाजी करू लागले. गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतलं. मैदानात चेंडू हातात चालायचा, चहाला मात्र ते पॅव्हेलियनबाहेर आणि त्यांच्या हातात मातीचा कप. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये त्यांना डावलल्यावर भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर राहिले, बोंबाबोंब झाली, आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. १९३७ मध्ये बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. तो राजकीय वाद आपण विसरत नाही, पण त्या मातीच्या कपाचा हिशेबही सोडत नाही. ११४ बळींची गुणवत्ता त्या कपाला पुरी पडली नव्हती. भावांनी खेळायला नकार दिला तेव्हा दार हललं. त्याच सुमारास इकडे कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात उघड चहा पीत होते. १९०२ मध्येच ५० टक्के जागा राखून ठेवणारा आणि खासबागेचं कुस्ती मैदान बांधणारा राजा एकच होता, हे जिल्ह्यातल्या क्रीडाप्रेमींनी ध्यानात ठेवलेलं बरं. मार्च १९२० मध्ये ते आणि बाबासाहेब जिथे एका व्यासपीठावर आले ते माणगाव आमच्या शेजारी आहे.

आपल्या बाजूलाही दोन शब्द. ‘कबड्डी शाखेतला खेळ’ म्हणून नाक मुरडणारे कार्यकर्ते आम्ही पाहिलेत. मैदान दुसऱ्याला देऊन टाकायची ही चांगली युक्ती आहे. आणि संघ जिंकला की कुठला खेळाडू ‘आपला’, हे आडनावावरून शोधत बसणारेही पाहिलेत. पंकज मोहितेची जात आम्हाला नको. प्रशिक्षक, निवड समित्या, संघटनांचे पदाधिकारी, संघांचे मालक यांत कोण बसलंय, ते विचारा.

शेवटी कामाचं. आरक्षण हा शब्द बिल्डरच्या तोंडीही असतो. शहराच्या विकास आराखड्यात मैदानासाठी राखलेल्या भूखंडाला सगळे ‘आरक्षण पडलेली जागा’ म्हणतात. १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत ती जागा संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देतो आणि मुदतीत कारवाई झाली नाही की आरक्षण संपतं. मैदान जातं, इमारत येते आणि वस्तीतली पोरं रस्त्यावर हुतुतू खेळतात. इचलकरंजी आता महानगरपालिका आहे. येत्या महिन्यात आम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकतो आहोत: आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी किती भूखंड आरक्षित होते, किती ताब्यात आले, कितींवरचं आरक्षण उठलं, उरलेल्यांपैकी किती बौद्ध, मातंग, चर्मकार आणि मुस्लिम वस्त्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. जयसिंगपूर, कुरुंदवाड, हातकणंगले, गडहिंग्लजच्या साथींनी हाच मजकूर आपापल्या पालिकेत टाकावा. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराला तीस दिवस.