लाल मूठ, पांढरी पर्स आणि रिकामा हात

सूचना आधीच दिलेली बरी. या आठवड्यात चार-पाच सिनेमांचे शेवट इथे फुटणार आहेत. ‘सायको’, ‘द सिक्स्थ सेन्स’, ‘शटर आयलंड’ आणि आपला ‘अंधाधुन’ यांतलं काही बघायचं राहिलं असेल तर आत्ताच पान उलटा, आधी बघून घ्या, मग या. आम्ही कुठे जात नाही.

गेले वाचक? ओके. राहिलेल्यांसाठी पुढे.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक पॉज-बहाद्दर असतोच. शनिवारी रात्री कुणाच्या तरी फ्लॅटवर सिनेमा लागतो, वेफर्सची पाकिटं फुटतात, दिवे बंद होतात आणि पंधराव्या मिनिटाला हा प्राणी रिमोट उचलतो. ‘थांब थांब, मागे घे जरा. तो आरसा बघितलास?’ आमच्या ग्रुपमधला पॉज-बहाद्दर दिवसभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, त्यामुळे चुका शोधणं हा त्याचा पगारी धंदाच. पण गंमत बघा, रोमँटिक कॉमेडी लागली की तो गपचूप घोरायला लागतो. त्याचा हात रिमोटकडे जातो तो फक्त सायकॉलॉजिकल थ्रिलरला.

त्याचं काही चुकत नाही. साध्या रहस्यपटात लपलेला असतो खुनी. पडद्यामागे, कपाटात, फार तर घरगड्याच्या वेशात. सायकॉलॉजिकल थ्रिलरमध्ये लपलेलं असतं ते कुणाचं तरी डोकं. आणि डोक्यात काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही. कादंबरीकार पानभर लिहून मोकळा होतो. दिग्दर्शक बिचारा काय करणार? त्याच्या हातात कपडे, भिंतींचे रंग, आरसे, जिने आणि टेबलावरचा ग्लास. मग तो या वस्तूंनाच बोलायला लावतो.

यातले हेडमास्तर म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक. ‘सायको’ (१९६०) सगळ्यांना आठवतो तो शॉवरमधल्या खुनासाठी. रक्त म्हणून तिथे चॉकलेट सिरप वापरलं होतं, हा किस्सा तर आता चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतो. पण त्याआधीचा पाऊण तास नीट बघा. मेरियन क्रेन ही फिनिक्समधल्या एका ऑफिसात काम करणारी, तुमच्या-आमच्यासारखी नोकरदार मुलगी. बॉयफ्रेंडवर कर्जाचा बोजा, त्यामुळे लग्न लांबतंय. एक दिवस साहेब तिच्या हातात ४० हजार डॉलर देतात आणि बँकेत भरून ये म्हणतात. ती भरत नाही. पहिल्या प्रसंगात मेरियनची अंतर्वस्त्रं पांढरी, पर्सही पांढरी. पैसे घरी आणल्यावर ती बॅग भरताना दिसते तेव्हा अंतर्वस्त्रं काळी, पर्स काळी. तोंडातून एक शब्द नाही. मनात भांडण झालं, निकाल लागला आणि आपल्याला तो कपाटातून कळला! पुढे गाडी बदलताना ती स्वच्छतागृहात नोटा मोजते तेव्हा समोर आरसा. मोटेलच्या काउंटरवर पुन्हा आरसा. एका बाईच्या दोन बाया झाल्यात, हे आणखी कसं सांगायचं?

मग येतो नॉर्मन बेट्स आणि त्याचे पेंढा भरलेले पक्षी. बाईचं आडनाव क्रेन, म्हणजे क्रौंच पक्षी. शहराचं नाव फिनिक्स, तोही पक्षीच, राखेतून उठणारा. आणि समोर बसलाय तो पक्ष्यांत पेंढा भरणारा माणूस. आता बोला!

पण माझा सगळ्यात लाडका तपशील वेगळाच आहे. नॉर्मन भिंतीवरचं एक चित्र काढतो आणि त्यामागच्या भोकातून कपडे बदलणाऱ्या मेरियनकडे बघतो. ते चित्र आहे सुझानाच्या गोष्टीचं. आंघोळ करणाऱ्या सुझानाला चोरून बघणाऱ्या दोन म्हाताऱ्यांची ही जुनी धार्मिक कथा. म्हणजे चोरून बघण्याचं भोक झाकायला चोरून बघण्याचंच चित्र! सिनेमाच्या ट्रेलरमध्ये हिचकॉक स्वतः मोटेल फिरवून दाखवतो. या चित्रापाशी थांबतो, याला फार महत्त्व आहे असं सांगायला लागतो आणि वाक्य अर्धवट सोडून पुढे निघून जातो. डांबिस म्हातारा. पुढे कॅमेरा त्या भोकाला डोळा लावतो, तेव्हा नॉर्मनबरोबर आपणही बघत असतो. पॉपकॉर्न खात.

रंगांचा खेळ बघायचा असेल तर एम. नाइट श्यामलनचा ‘द सिक्स्थ सेन्स’ (१९९९). ज्या गोष्टीला मेलेल्यांच्या जगाचा स्पर्श झालाय तिथे लाल रंग, बाकी सिनेमा कसा मळकट, थंड. तळघराच्या दाराची मूठ लाल, वाढदिवसाचा फुगा लाल, छोट्या कोलचा तंबू लाल, अंत्यविधीत त्या भयंकर आईचा ड्रेस लाल. एकदा कळलं की डोळे आपोआप लाल शोधायला लागतात. इथवर पॉज-बहाद्दर खूश.

मला मात्र त्या सिनेमातलं एक टेबल जास्त छळतं. रेस्टॉरंटमधलं. लग्नाचा वाढदिवस. बायको एकटी बसली आहे, लाल कपड्यांत. डॉक्टर माल्कम (ब्रूस विलिस) उशिरा पोचतो, समोर बसतो, सॉरी म्हणतो, कामाचं सांगत राहतो. ती वर बघत नाही. बिल येतं, हा हात पुढे करतो, त्याआधी ती बिल ओढून घेते. वाढदिवसाच्या शुभेच्छा पुटपुटते आणि निघून जाते. पहिल्यांदा बघताना आपण काय म्हणतो? चिडली आहे! साहजिक आहे, नवरा उशिरा आला. शेवटी कळतं की नवरा आलेलाच नव्हता. तो कधीच मेलाय आणि ती विधवा एकटीच वाढदिवस साजरा करत होती.

आता खरा प्रश्न. आपण फसलो कसे? माल्कम सिनेमाभर कोलखेरीज कुणाशीही खऱ्या अर्थाने बोलत नाही. त्याने ती खुर्चीसुद्धा मागे ओढलेली नाही. खुणा समोर मांडून ठेवल्या होत्या. तरी आपल्याला शंका आली नाही, कारण एक नवरा आणि एक बायको समोरासमोर बसून एकमेकांशी बोलत नाहीत, हे दृश्य आपल्याला अगदी नॉर्मल वाटलं! रात्री साडेनऊला ऑफिसातून घरी येणारा नवरा, टीव्हीसमोर झोपलेली बायको (ती लग्नाची कॅसेट लावून झोपलेली असते, पण ते दुसऱ्यांदा बघताना टोचतं), ओट्यावर झाकून ठेवलेलं जेवण. असली घरं आपण इतकी बघितली आहेत की त्यातला एक मेलेला आहे हे लक्षातच आलं नाही. माझ्या एका मैत्रिणीने लग्नानंतर चार वर्षांनी नवऱ्याबरोबर हा सिनेमा पुन्हा बघितला. त्या रेस्टॉरंटच्या सीनला दोघांनीही पॉज केलं नाही. पण सिनेमा संपल्यावर तो म्हणाला, ‘आपण शेवटचं बाहेर कधी जेवलो गं?’ तिला तारीख आठवेना. लाल मुठीपेक्षा मला ही खूण मोठी वाटते, आणि ती कुठल्याही रंगात रंगवलेली नाही.

बरं, आता वादाचा ग्लास. मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘शटर आयलंड’ (२०१०). वेड्यांच्या हॉस्पिटलात टेडी (लिओनार्दो डिकॅप्रिओ) एका बाईची चौकशी करतोय. ती पाणी मागते. पाणी येतं. ती पिते, पण एका शॉटमध्ये तिच्या हातात ग्लासच नाही! रिकामा हात ओठांना लावून ती पाणी प्यायल्यासारखं करते. पुढच्या शॉटमध्ये ग्लास टेबलावर ठेवते. कॉलेजच्या पोरांनी याला ‘एडिटिंगची चूक’ म्हणून हसून घेतलं. पण जरा आठवा. टेडीला पाणी नको असतं. बोटीतून बेटावर येतानाच तो ओकून बेजार. त्याची मुलं पाण्यात बुडालेली आहेत, आणि बुडवणारी त्याचीच बायको. हे त्याच्या डोक्याला पेलत नाही म्हणून त्याने एक वेगळी गोष्ट रचली आहे, आणि त्या गोष्टीत सगळीकडे आग आहे. काडेपेट्या, गुहेतली शेकोटी, राख. आग असते तिथे त्याचं खोटं असतं, पाणी येतं तिथे खरं. अशा माणसाच्या डोळ्यांनी पाण्याचा ग्लास पुसून टाकला तर ती चूक कशी? माझं मत ठाम आहे, मुद्दाम केलंय.

अर्थात ‘मुद्दाम केलंय’ हे वाक्य फार घातक असतं बरं का. एकदा चटक लागली की माणूस कुठे थांबेल सांगता येत नाही. उदाहरण हवं? स्टॅनली क्युब्रिकचा ‘द शायनिंग’ (१९८०). त्यातल्या खुणांचे अर्थ लावणाऱ्यांवर २०१२ मध्ये ‘रूम २३७’ नावाची अख्खी डॉक्युमेंटरी निघाली. कुणाला त्यात अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची कत्तल दिसली, कारण कोठीत बेकिंग पावडरचे डबे आहेत आणि त्यावर त्यांच्यातल्या एकाचं चित्र. कुणाला ज्यूंचा संहार दिसला, कारण टाइपरायटर जर्मन. एकाने तर क्युब्रिकनेच चंद्रावर उतरण्याचं खोटं शूटिंग केलं आणि इथे त्याची कबुली दिली असं सांगितलं. का? तर मुलाच्या स्वेटरवर ‘अपोलो ११’ विणलंय आणि खोलीचा नंबर २३७, कारण चंद्र २ लाख ३७ हजार मैलांवर आहे. (सरासरी अंतर २ लाख ३९ हजारांच्या घरात भरतं, पण दोन हजार मैल इकडे-तिकडे चालायचंच!)

मूळ कादंबरीत खोलीचा नंबर आहे २१७. सिनेमात बाहेरून दिसतं ते हॉटेल ओरेगॉनमधलं खरंखुरं टिंबरलाइन लॉज. त्यांच्याकडे २१७ नंबरची खोली होती. सिनेमा बघून तिथे कुणी राहायलाच आलं नाही तर? म्हणून त्यांनी नंबर बदलायची विनंती केली आणि त्यांच्याकडे नसलेला २३७ निवडला गेला. झाला की चंद्र! क्युब्रिकचा सहायक लिऑन विटाली याने पुढे सांगितलं की टाइपरायटर क्युब्रिकचा स्वतःचा होता आणि ते डबे घेतले ते भडक रंगांसाठी.

मग ग्लास खरा आणि चंद्र खोटा, हे ठरवायचं कसं? मी एक साधी गोष्ट बघते. ती वस्तू काढून टाकली तर त्या माणसाबद्दल मला कमी कळेल का? मेरियनची काळी पर्स काढली तर कळेल. २३७ च्या जागी २४७ टाकलं तर जॅकच्या वेडाला काही फरक पडत नाही. हा नियम तसा कच्चाच आहे, आणि पॉज-बहाद्दराला तो अजिबात मान्य नाही. पण विचार करा, सगळीकडे खुणा दिसणं, प्रत्येक आकड्यात आपल्यासाठी निरोप असणं, हे तर या सिनेमांतल्या पेशंटांचंच लक्षण की! बॉयफ्रेंडच्या ‘ओके’पुढे आज पूर्णविराम का आला यावर कॅन्टीनमध्ये अर्धा तास घालवणाऱ्या पोरींनी (त्यात मीही आले) हसू नये.

आता घरचा सिनेमा. श्रीराम राघवनचा ‘अंधाधुन’ (२०१८), पुण्यात घडणारा. सुरुवातीलाच कोबीचं शेत, एका डोळ्याने आंधळा ससा आणि त्याच्यामागे बंदूक घेतलेला शेतकरी. मग दोन तास ससा गायब. शेवटी युरोपात आकाश (आयुष्मान खुराना) सोफीला (राधिका आपटे) आपली कहाणी सांगतो. सिमी (तब्बू) गाडी त्याच्या अंगावर घालणार तेवढ्यात ससा काचेवर आदळला आणि गाडी उलटली म्हणे. सोफीला पटतं. आकाश काठी टेकत निघतो आणि वाटेत पडलेला कॅन त्याच काठीने नेमका उडवतो. त्या काठीच्या मुठीवर काय आहे? सशाचं डोकं.

म्हणजे तो बघू शकतो, ससा त्याने मुठीवरून रचला आणि डोळे आले ते कुठून हे विचारू नका, असं एक पार्टी म्हणते. दुसरी म्हणते, अरे पण ससा आणि शेतकरी आपण सुरुवातीलाच बघितलेत, आकाशने तोंड उघडायच्या आधी. मग तो खोटा कसा? आमच्या ग्रुपमध्ये यावर अबोला धरेपर्यंत भांडणं झाली आहेत. माझं मत पहिल्या पार्टीला, आणि ते त्या उडालेल्या कॅनसाठी नाही. आकाशच्याच सांगण्याप्रमाणे त्या वेळी सिमीने त्याचे डोळे घालवलेले होते. तो रस्त्यावर चाचपडत होता.

मग काचेवर आदळला तो ससाच होता, हे त्याला कुणी सांगितलं?