समितीच्या खुर्चीवर आमची भगिनी कधी बसणार?

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात कंत्राटावर झाडलोट करणारी एक भगिनी आमच्याकडे आली. मुकादम तिला त्रास देत होता. कार्यालयात तक्रार समिती असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आमच्या सांगण्यावरून ती समितीकडे गेली, तर उत्तर मिळाले, "तू आमची कर्मचारी नाहीस, ठेकेदाराची आहेस." हे उत्तर धादांत बेकायदेशीर होते. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने ठेकेदारामार्फत राबणारी स्त्रीही कर्मचारीच ठरते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून देण्यास मदत करणे, हेही समितीचे कर्तव्य आहे. पण हे ठणकावून सांगणारे तिच्या बाजूचे त्या समितीत कोणी नव्हते.

हा कायदा कोणाच्या संघर्षातून आला? राजस्थानातील भटेरी गावची भंवरीदेवी ही कुंभार समाजातील स्त्री. सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ती 'साथिन' होती. बालविवाह रोखण्याचे काम तिने केले, म्हणून १९९२ मध्ये गावातील वरचढ जातींच्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केल्याची तिची तक्रार होती. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना त्या आरोपातून मुक्त केले. याच प्रकरणातून विशाखा खटला उभा राहिला आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. किंमत मोजली मागास जातीतील एका कष्टकरी स्त्रीने, संरक्षण मिळाले देशातील सर्व स्त्रियांना!

आता कायद्यातील विसंगती पाहा. जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातील किमान एक स्त्री असलीच पाहिजे, असे कलम ७ सांगते. मात्र दहा वा अधिक कर्मचाऱ्यांच्या कार्यालयातील अंतर्गत समितीसाठी कलम ४ मध्ये तशी अट नाही. तेथे अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री असावी, असे आहे. वरिष्ठ पदापर्यंत आमच्या किती भगिनी पोहोचू दिल्या जातात? झाडू हाती असणारी आमची आणि न्याय करणारी मात्र दुसरीच, अशी ही वाटणी आहे.

व्यवस्थेला दोष देताना आपलेही घर तपासले पाहिजे. मागासवर्गीय कर्मचाऱ्यांच्या संघटनांत अध्यक्ष, सरचिटणीस, कोषाध्यक्ष पुरुषच असतात. भगिनींसाठी महिला प्रतिनिधी हे एक पद आणि जयंतीला स्वागतगीत! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू घेतली. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. १९५१ साली मंत्रिपद सोडताना हिंदू कोड बिल हे एक प्रमुख कारण होते. त्यांच्या अनुयायांना आपल्या भगिनीच्या हाताखाली काम करण्यात कमीपणा का वाटावा?

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. कलम ७ मधील अट कलम ४ मध्येही आणा, ही मागणी प्रत्येक संघटनेने सरकारकडे रेटावी. तोवर आपापल्या कार्यालयातील समितीवर मागासवर्गीय स्त्री नेमण्याचा लेखी आग्रह धरावा, कायदा त्याला मनाई करीत नाही. आणि सुरुवात स्वतःपासून करावी. येत्या निवडणुकीत संघटनेचे सरचिटणीसपद एखाद्या सक्षम भगिनीकडे द्या. सतरंजी उचलायला पुरुषांनाही दोन हात आहेतच.

जयभीम!