मालदीवला नमुन्यांचे गाठोडे नको

व्यापारी बंधूंमध्ये हल्ली मालदीवचा विषय फार निघतो. मुस्लिम मुल्क, खाणे हलाल, विमानतळावर 30 दिवसांचा व्हिसा फुकट. मग कापडाचे नमुने सोबत घेऊ, सहलीचा खर्च दोन ऑर्डरींत वसूल करू, असा हिशेब मांडला जातो. आम्हाला तो पटत नाही.

हा व्हिसा पर्यटकाचा आहे, तिजारतीचा नव्हे. सौदा करायचा तर त्याचे कागद आधी वेगळे करावेत. बायकामुलांसमोर कस्टमवाल्याला गाठोड्याचा जबाब देत बसणे कोणाला आवडेल?

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्यांनी मालेत पेढ्या थाटल्या त्या तिथे राहून, गिऱ्हाईक ओळखून. चार दिवसांच्या फेरीत ते होत नाही.

पहिल्या खेपेला बाजार नुसता पाहावा. त्यासाठी रिसॉर्टचे बेट कुचकामी. तिथे एका हॉटेलपलीकडे काही नाही, बिल डॉलरमध्ये, बोटीचे भाडे निराळे. त्यापेक्षा माले किंवा हुलहुमाले येथे उतरावे. 2018 पासून दोन्हींमध्ये पूल आहे. नंतर माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर गेस्टहाऊसमध्ये दोन रात्री काढाव्यात. मे ते ऑक्टोबर पावसाळा, खोल्या स्वस्त पण समुद्र खवळलेला. जुम्याला दुकाने सकाळी बंद असतात, तो दिवस बाजारासाठी धरू नये.

मालेच्या दुकानांत उभे राहून कोणते कापड खपते, पन्हा किती, माल कुठून येतो, हे विचारावे, भाव वहीत टिपावेत. गाठोडे दुसऱ्या खेपेला, इन्शाअल्लाह.